प्रतिकूल हवामान

मे महिन्यात, भर दुपारी अडीच वाजता, नागपुरात, पत्र्याच्या शेडखाली उभा राहून डबल बास वाजवणारा मी पोलीस खात्यातला पहिलाच शिपाई असेन. शेवटचाही मीच असावा. असलं खूळ दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येईलसं वाटत नाही.

बाहेर तापल्या वाऱ्याची लू वाहत होती. डोक्यावरचे पत्रे तडतडत होते. मी ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून, एका हातात गज आणि दुसऱ्या हातात राळेच्या वडीचा तुकडा घेऊन उभा होतो. शेजारच्या स्टुलावर घड्याळ, थर्मामीटर आणि एक तीन पानी फॉर्म होता, आणि तो उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला होता. जेवणं उरकून आडवे झालेले पाच-सहा शिपाई खाटा सोडून तमाशा बघायला आले होते.

ज्यांनी डबल बास पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आकार व्हायोलिनचाच, पण उंची माणसापेक्षा जास्त. उभं राहून, मिठी मारल्यासारखा धरून वाजवावा लागतो. गजाला घोड्याचे केस लावलेले असतात, पण नुसते केस तारेवरून घसरून जातात, आवाज निघत नाही. केसांना राळ घासली की ते तार पकडतात. व्हायोलिनला कडक, सुकी राळ चालते. बासच्या तारा जाड, त्यांना मऊ आणि चिकट राळ लागते. बासवाल्याची सगळी इभ्रत त्या एका वडीवर असते.

सकाळी ऑफिसात ही वडी गुळाच्या खड्यासारखी घट्ट होती. आता ती बोटांना लागत होती. मी शिकल्याप्रमाणे एकाच दिशेने, मुठीकडून टोकाकडे, गजाला चार हात दिले आणि तो सगळ्यात जाड तारेवर ठेवून ओढला. गज जागचा हलेना. जोर लावला तेव्हा एकदम सुटला, आणि असा आवाज निघाला की शेडखाली झोपलेलं कुत्रं उठून उन्हात निघून गेलं.

"म्हैस व्याली," क्लॅरिनेटवाला टेंभुर्णे म्हणाला.

सगळे हसले. मी हसलो नाही. थर्मामीटर पाहिला तर पारा सेहेचाळीसवर. फॉर्मवर लिहिलं, 'दुपारी २.४०. गज तारेस चिकटतो. स्वर उमटत नाही.' पुन्हा राळ लावली, पुन्हा ओढला, पुन्हा लिहिलं. असं तासभर चाललं. आणि खरं सांगतो, नोंदीगणिक मला बरं वाटत होतं. ती वडी माझ्या गुरूने बनवलेली होती.

माझ्या गुरूचं नाव उरकुडाजी भैसारे. खात्यात हवालदार, पण सगळे त्यांना काकाजीच म्हणत. आमच्या पोलीस बँडात बिगुल-ढोलवाल्यांशिवाय डझनभर तंतुवाद्यवाले होते. राज्यपालांच्या हिरवळीवरच्या जेवणावळीत मागे बसून हळू आवाजात वाजवायचं, एवढंच त्यांचं काम. ही इंग्रजांच्या काळची रीत. इंग्रज गेले, पण ती रीत रद्द करायची कुणाला आठवण राहिली नाही. मी भरती झालो तेव्हा मला संगीताचं ओ की ठो कळत नव्हतं. माझी उंची सहा फूट. बँडमास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, ह्याला बास द्या. अशा रीतीने मी कलावंत झालो.

शिकवलं काकाजींनी. नऊ वर्षं. पहिलं वर्ष तर त्यांनी मला फक्त गज धरायला आणि राळ लावायला शिकवलं. शाबासकी हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. फार खूश झाले तर म्हणायचे, "आज कमी चुकला." ते वाक्य मिळालं की मी घरी जाताना अर्धा किलो जिलबी नेत असे, आणि बायकोला वाटे, पगारवाढ झाली.

एकतीस वर्षं बास वाजवून काकाजी आदल्या ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. गणवेश, पट्टा, शिटी जमा केली. बास जमा केला. बास सरकारी. एकतीस वर्षं ज्याला मिठी मारली त्याची पोच घेऊन ते सायकलवर घरी गेले.

त्यानंतर दोनदा ते तालमीच्या वेळी बँडच्या गेटवर आले. गेटवरचा शिपाई नवा होता. त्याने विचारलं, कुणाला भेटायचं आहे. हे त्यांनीच मला नंतर हसत सांगितलं. "आता त्याले काय सांगू? बासले भेटाचं हाये म्हनू?" दोन्ही वेळा ते कुंपणाबाहेर जरा वेळ उभे राहिले आणि परत गेले.

एप्रिलमध्ये मी पाचपावलीला त्यांच्या घरी गेलो. अंगणात चूल पेटली होती आणि काकाजी कढईत राळ पकवत होते. इतवारीतून आणलेली साधी राळ, थोडं मेण, थोडं जवसाचं तेल. पातळ झाली की धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि वाटीत ओतायची. पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा लाडू करतोय. घरात बास नव्हता, म्हणून खात्याने निर्लेखित करून टाकून दिलेली एक जुनी तार त्यांनी खाटेच्या दोन पायांमध्ये ताणून बांधली होती. बांबूच्या काठीला घोड्याचे केस बांधून त्या तारेवर ते राळ वाजवून बघत. काकी म्हणाल्या की रोज पहाटे ही खाट ओरडते आणि शेजारी विचारतात, कुणाला लागलंय का.

आमच्याकडची विलायती वडी तेव्हा संपत आली होती. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची वडी, वाळून दगड झालेली, नखाएवढी उरलेली. नवी राळ घ्यायची म्हणून भांडार शाखेने नमुने मागवले होते. हे काकाजींना माहीत होतं.

"नमुना पास झाला का पुरवठादाराचा पास भेटते," ते कढई ढवळत म्हणाले. "पास असला का गेटवर कोनी इचारत नाही. महिन्यातून एकदा राळ द्याले येईन. दहा मिनटं बास पायीन. कोनी नसलं त दोन हात मारीन. मले दुसरं काही नको."

मी म्हणालो, नमुना द्या. तपासणार मीच आहे. बासवाला दुसरा आहेच कोण.

हे वाक्य मी बोलायला नको होतं. कारण दुसऱ्या दिवसापासून तेच वाक्य बँडात सगळ्यांच्या तोंडी झालं. टेंभुर्णे त्यात पुढे. "आपलेच दात, आपलेच ओठ," तो मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा. "तपासनारा चेला, मालवाला गुरू. होऊन जाते पास." माझ्या पाठीमागे लोक हसत. मला राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटायची की उद्या खरोखरच कुणी बोट दाखवलं तर?

काकाजींनी रीतसर अर्जासोबत वडी आणून दिली तेव्हा मीच गेटवर जाऊन पाहुणा म्हणून त्यांच्या नावाची सही केली. पाहुण्याला ऑफिसपर्यंतच सोडतात. तालमीची खोली तिथून तीस पावलांवर होती, दारही उघडं होतं. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं आणि वडी हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवली. मग मी त्यांना सोडायला गेलो तेव्हा गेटपाशी थांबून ते हळूच म्हणाले,

"हरिदास, सकाळी वाजवून पायजो. सहाच्या आत."

मी त्यांना गेटबाहेर सोडलं. पण माझ्या काळजात कळ आली. ज्या माणसाने नऊ वर्षांत मला एक खोटी शाबासकी दिली नाही, तो माणूस माझ्याकडे सवलत मागत होता. सकाळी वाजव म्हणजे काय? सोयीच्या वेळी वाजव. नजर थोडी तिकडे कर. इतके खाली उतरले काकाजी, एका पासासाठी. त्या क्षणी मी ठरवलं की आपण कुणाच्या मिंध्यात राहायचं नाही.

हेडक्लार्क पिंपळापुरे हे फॉर्मवर जगणारे गृहस्थ. राळ तपासायचा फॉर्म खात्यात नव्हता, कारण राळ खात्याने कधी तपासलीच नव्हती. म्हणून त्यांनी मला रेनकोट, बूट आणि शिट्ट्या तपासायचा फॉर्म दिला. त्यात बावीस रकाने होते. 'वस्तू पाण्यात बुडवून पाहिली काय?' 'वस्तू उंचीवरून टाकून पाहिली काय?' 'वस्तू प्रतिकूल हवामानात वापरून पाहिली काय?'

"एकही रकाना कोरा राहता कामा नये," पिंपळापुरे चष्म्यावरून पाहत म्हणाले. "विशेषतः या प्रकरणात."

'या प्रकरणात' हे शब्द मला झोंबले. तरी मी विचारलं की आम्ही तर संध्याकाळी वाजवतो, हिरवळीवर, दिवे लागल्यावर. मग हवामान प्रतिकूल कशाला हवं? त्यांनी टाक खाली ठेवला. "उद्या राज्यपालांनी दुपारचं जेवण ठेवलं तर?"

मे महिन्यात, नागपुरात, दुपारी अडीच वाजता उघड्यावर जेवणारा राज्यपाल मी आजतागायत पाहिलेला नाही. पण तेव्हा मला तो मुद्दा बिनतोड वाटला. मला निष्पक्ष असण्यापेक्षा निष्पक्ष दिसायचं होतं, आणि त्यासाठी पिंपळापुरेंचा फॉर्म उत्तम होता. मी ती वडी बादलीत बुडवली. पाण्याने राळेला काही होत नाही, हे मी प्रामाणिकपणे तिच्या बाजूने नोंदवलं. छपरावरून टाकली, तिचे तीन तुकडे झाले, तेही नोंदवलं. आणि उरलेल्यातला मोठा तुकडा घेऊन दुपारी शेडखाली गेलो.

एक गोष्ट इथे कबूल करतो. ताजी राळ गजावर कशी वागते हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला माहीत होती ती फक्त ती विलायती, दगड झालेली. ती उन्हात पाघळत नव्हती, कारण तिच्यात पाघळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माझ्या लेखी चांगली राळ म्हणजे ती.

अहवाल मी तीनदा लिहून पक्का केला. 'सदर राळ हातास व गजास चिकटते. स्वर अस्पष्ट व कर्कश निघतो. उंचीवरून पडल्यास टिकत नाही. खात्याच्या कामास सर्वथा अयोग्य.' 'सर्वथा' हा शब्द मी शेवटी घातला. पिंपळापुरेंनी अहवाल वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि उठून माझ्याशी हात मिळवला. हेडक्लार्कने शिपायाशी हात मिळवला ही गोष्ट दोन दिवस गाजली. टेंभुर्णेची तर बोलतीच बंद झाली. मग त्याने दुसरी म्हण शोधली. "गुरूची विद्या गुरूले." पण या वेळी कुणी हसलं नाही, उलट दोघातिघांनी मान डोलावली. त्या वर्षी मला नाईकाची फीत मिळाली.

काकाजींना खात्याचं पत्र टपालाने गेलं. माझी वाक्यं जशीच्या तशी त्यात उतरवलेली. मी त्यांच्याकडे गेलो नाही. काय सांगायला जाणार होतो? पंधरा-वीस दिवसांनी बुधवारच्या बाजारात ते समोरच आले. हातात पिशवी, पिशवीत मेथी. मी नमस्कार केला. त्यांनी आधी बासच्या पोटाला पडलेली जुनी भेग विचारली, वाढली का म्हणून. नाही म्हणालो.

"दुपारी वाजवली म्हने तू."

"हो काकाजी. फॉर्ममधी होतं."

"फॉर्ममधी होतं," त्यांनी तेच शब्द परत म्हटले. "मंग बरोबर हाये." आणि ते मिरच्यांच्या ढिगाकडे वळले.

मला वाटलं, वा, काय माणूस आहे. शिष्याचा निवाडा मान्य केला, एक शब्द उलट बोलला नाही. मी ही गोष्ट पुढे अनेकांना सांगितली. गुरू असावा तर असा, म्हणून. सांगताना माझे डोळेही भरून येत.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं. राज्यपालांची जेवणावळ चार दिवसांवर, आणि विलायती वडीचा शेवटचा कण संपलेला. बास मुका. पिंपळापुरेंची धावाधाव झाली आणि इतवारीतल्या झुंबरलाल नावाच्या व्यापाऱ्याकडून एक नमुना आला. गोल पत्र्याची डबी, आत लाल मखमली कागद, वर सोनेरी इंग्रजी अक्षरांत 'रॉयल कन्सर्ट'. डबी उघडताच पिंपळापुरे म्हणाले, "हे बघा, याला म्हणतात माल."

फॉर्म तोच, रकाने तेच. पण वेळ कुठे होता? दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, धुक्यात, तोंडातून वाफा निघत असताना मी गजाला राळ लावली आणि खालची तार ओढली.

ती बोलली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. असा भरीव, गोल आवाज त्या बासमधून काकाजी निवृत्त झाल्यापासून निघाला नव्हता. टेंभुर्णेने तोंडातली क्लॅरिनेट बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी तार ओढली, तिसरी ओढली. गज तारेवर बसत होता आणि हवा तेव्हा सुटत होता. मी पंधरा मिनिटं नुसते सूर काढत राहिलो.

अहवाल एका बैठकीत झाला. 'अत्युत्तम. स्वर गंभीर व स्वच्छ. यापूर्वी आलेल्या स्थानिक नमुन्याशी तुलनाच होऊ शकत नाही.' पाण्यात बुडवायला मन झालं नाही, तिथे 'होय' लिहिलं. उंचीवरून टाकायचा रकानाही 'होय' करून टाकला. आणि प्रतिकूल हवामान? मी जरा थांबलो. मग लिहिलं, 'होय. कडाक्याची थंडी.'

नऊ वर्षं मी 'रॉयल कन्सर्ट'वर वाजवलं. त्या नऊ वर्षांत मी नाईकाचा हवालदार झालो. उन्हाळ्यात ती राळ नरम पडायची हे लवकरच लक्षात आलं. मग मी डबी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवू लागलो आणि मे-जूनची तालीम पहाटे साडेपाचला लावली. नव्या भरतीच्या पोरांना मी सांगायचो, "उंची माल आहे, जपावाच लागते. गावठी राळ अन् ही राळ यात फरक असते."

काकाजी मधूनमधून भेटत. बाजारात, कुणाच्या लग्नात. दर वेळी बासचं विचारत. कसा बोलतो? चांगला बोलतो, मी सांगे. ते मान हलवीत. घरी मी फारसा गेलो नाही. आपण बरोबर वागलो होतो, तरी तिथे जायला पाय उचलत नसे.

दहाव्या वर्षी डब्या यायच्या बंद झाल्या. दोन महिने झाले, आणि पुढची जेवणावळ जवळ आली, तेव्हा मी स्वतः झुंबरलालच्या दुकानात गेलो. दुकानात चुना, सुतळी, खिळे, धूप सगळं होतं. 'रॉयल कन्सर्ट' म्हणताच तो गादीवरून म्हणाला की माल येणार नाही, बनवणारा बुढा आजारी आहे. मी विचारलं, कुठला बुढा? माल बाहेरून येत नाही का?

"अहो साहेब, कुठला बाहेरून," तो म्हणाला. "आम्ही फक्त डबी छापतो. माल पाचपावलीत बनतो. भैसारे म्हणून आहे एक. पोलिसातच होता पहिले."

दुकानात बसायला स्टूल होतं. मी बसलो. झुंबरलालने पाणी मागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचपावलीला गेलो. अंगणात चूल पेटलेली होती. काकाजी भिंतीला टेकून पोत्यावर बसले होते, हाडं तेवढी उरलेली, अंगावर शाल. कढई काकी ढवळत होत्या आणि ते बसल्या जागेवरून, आता तेल टाक, आता काढ, असं सांगत होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"ये. सकाळी आला, बरं केलं. दुपारी मले झोप लागते."

मी त्यांच्या पायाशी बसलो. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. त्यांनीच विषय काढला. झुंबरलाल म्हणे, त्या डिसेंबरात गावभर राळ शोधत फिरला होता. कुणीतरी भैसारेचं नाव सांगितलं. तो आला आणि डबी आपली, माल तुमचा, असं ठरवून गेला.

"मग नवीन बनवून देली तुमी?" मी विचारलं.

"नवी कायले? उन्हाळ्यात पकवली होती, थेच पडून होती घरी. दोन्ही वेळची एकाच घान्याची हाये." ते थोडं खोकले. "तुवे दोन्ही कागद हायेत माह्यापाशी. पयला खात्यानं धाडला, दुसरा झुंबरलालनं देला. अक्षर चांगलं हाये तुवं."

काकींनी ढवळणं थांबवलं नाही, पण त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी म्हणालो, काकाजी, तुम्ही मला त्या दिवशी गेटवर सांगितलं होतं, सकाळी वाजव म्हणून. मला वाटलं, तुम्ही सवलत मागताय.

ते माझ्याकडे बघतच राहिले. राग नव्हता, त्यांना खरोखर कळत नव्हतं.

"सवलत?" ते म्हणाले. "राळीची गोठ सांगून राह्यलो होतो तुले. ताजी राळ दुपारी वाजत नाही. हे शिकवाचं राहून गेलतं, तू आल्यापासून ताजी राळ कधी आलीच नाही म्हनून. रिटायर झाल्यावर आठवलं."

नऊ वर्षांत त्यांनी मला दिलेल्या धड्यांतला तो शेवटचा धडा होता आणि मी त्यावर 'सर्वथा अयोग्य' लिहून सही केली होती. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. काकींनी पदराने कढई खाली उतरवली आणि मला पाणी आणून दिलं.

काकाजी मात्र मजेत होते. इतक्या वर्षांनी त्यांना बासवाल्याशी बोलायला मिळत होतं. खालच्या तारेला राळ कमी लागते का, पावसाळ्यात गज सैल पडतो का, मेण थोडं वाढवलं तर कसं, सगळं विचारून घेतलं. मी सांगत गेलो. नऊ वर्षांत त्यांची राळ शंभरदा त्या गेटमधून आत गेली होती. तालमीच्या खोलीत, माझ्या हातात, राज्यपालांच्या हिरवळीवर. ते एकदाही नाही. पास होता तो झुंबरलालच्या नावाचा, आणि झुंबरलालला बास म्हणजे काय हेही माहीत नव्हतं.

शेवटी माझ्याने राहवलं नाही.

"काकाजी, एकदा तरी मले सांगाचं होतं. बाजारात भेटत होतो आपण. तुमी नुसतं म्हनले असते का हे माही राळ हाये, त मी दुसऱ्या दिवशी फाईल बदलवली असती. पास तुमच्या नावानं निघाला असता. तुमी आत आले असते, बास वाजवला असता. काहून नाही सांगतलं?"

त्यांनी शाल नीट केली. हे ते टोमण्याने म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते कौतुकाने म्हणाले, मुलाची तारीफ बाप चारचौघांत करतो तसं.

"तू इमानदार मानूस, हरिदास. माही हाये म्हनून सांगतलं असतं, त तू पुन्हा दुपारी वाजवून पायली असती."

काकाजींचं खरं होतं. मी तेच केलं असतं.